प्रवासखर्चातले पुस्तक

प्रवासात वाचायचे विनोदी पुस्तक घरून नेऊ नये. ते वाटेतच विकत घ्यावे, स्टेशनवर नाहीतर बसस्टँडवर, गाडीची वेळ होत आलेली असताना, एका हाताने पिशवी सांभाळत. या बाबतीत माझे मत ठाम आहे आणि घरात ते कुणालाही मान्य नाही. ‘कपाटात न वाचलेली इतकी पडलीत, त्यातलं एक घेऊन जा की,’ हा त्यांचा मुद्दा. मुद्दा बिनतोड आहे. पण कपाटातले न वाचलेले पुस्तक म्हणजे बरेच दिवस भेटायचे राहून गेलेला नातेवाईक असतो. समोर आला की आधी आपल्यालाच ओशाळवाणे वाटते. प्रवासाला निघताना तो ओशाळेपणा कशाला बरोबर घ्या?

शिवाय हिशेबाचा भाग आहे. महिन्याच्या किराण्याखाली ‘पुस्तक, दोनशे रुपये’ असे लिहिले की त्यावर चर्चा होते. प्रवासखर्चाचे तसे नसते. तिकीट, रिक्षा, पाण्याची बाटली, केळीचे वेफर्स, चहा, पुन्हा चहा, या ओळीत एक पुस्तक घुसले तर कुणी हूं की चूं करत नाही. माझी बहीण सुरतेला उधन्याला दिलेली आहे. उधना-लिंबायत भागात इतके खानदेशी राहतात की तिथे अहिराणीत घासाघीस करून भाजी घेता येते. भुसावळहून तिच्याकडे जाताना वेफर्सचे पुडे न्यावेच लागतात, आणि त्या पुड्यांच्या मध्ये पुस्तक घडी न पडता छान बसते.

आता घ्यायचे कसे ते सांगते. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर समोर काय असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्पर्धा परीक्षांची जाडजूड गाइडे, तीस दिवसांत इंग्रजी, व्रतवैकल्ये, शेअर बाजार, आणि आयुष्यात यशस्वी कसे व्हायचे ते शिकवणारी डझनभर पुस्तके. विनोदी पुस्तके खालच्या फळीला, बहुतेक पाकक्रियांच्या शेजारी. वाकल्याशिवाय दिसत नाहीत. मागच्या बाजूला छापलेल्या किमतीवर दुसऱ्या किमतीची पट्टी चिकटवलेली असते. तिचा कोपरा नखाने उचकटला की खाली जुनी किंमत दिसते, कधी तिच्याखाली आणखी एक. पुस्तक किती वर्षे त्या फळीवर बसून आहे ते असे नखाने काढता येते. मला अशी दोन-तीन पट्ट्यांची पुस्तके आवडतात. इतकी वर्षे गाइडांच्या पायाशी बसून ज्याने धीर सोडला नाही, त्यात काहीतरी असणार.

ज्या स्टॉलवाल्याकडून मी वर्षानुवर्षे पुस्तके घेत आले, त्याचा पहिला प्रश्न असायचा, ‘कुठपर्यंत?’ औषधाच्या दुकानात वय विचारतात तसा, चेहऱ्यावर तेवढीच चिंता ठेवून. जळगाव म्हटले की म्हणायचा, ‘मग पुस्तक कशाला घेता ताई, शेंगदाणे घ्या.’ नाशिकला बेताचे, मुंबईला जाड. सुरत म्हटले की त्याला विचार करावा लागे, कारण अंतर तीनशे किलोमीटरच्या वर, पण प्रत्येक गाडीची चाल वेगळी. ‘पॅसेंजर असेल तर हे घ्या. दोंडाईच्यापर्यंत पुरेल. पुढे झोपून टाका.’ त्याने स्वतः त्यातली किती वाचली होती, कोण जाणे. पण कोणते पुस्तक नेलेले गिऱ्हाईक पुढच्या खेपेला हसत येते आणि कोणते नेलेले नजर चुकवून पलीकडच्या टोकाने जाते, हे त्याच्या बरोबर लक्षात असे. एखाद्या पुस्तकावर हात ठेवून तो हळूच सांगायचा, ‘हे नावालाच विनोदी आहे बरं का.’ विकायला बसलेल्या माणसाने असे सांगितल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

माझी स्वतःची परीक्षा अगदी साधी आहे. पुस्तक उभ्या उभ्या मधेच उघडायचे. पहिले पान कुणालाही जमते, लेखकाने त्यावर घाम गाळलेला असतो. मधल्या पानावर तो सैल पडतो. तिथल्या दहा ओळींत ओठ हलले तर पुस्तक माझे. मुखपृष्ठावर लाटणे उगारलेली बायको असेल तर मी उघडतसुद्धा नाही. शि. द. फडणीसांचे चित्र असेल तर मात्र आत काय आहे ते न बघता घेते. एक शब्द न वापरता हसवणाऱ्या माणसाने ज्या पुस्तकाला आपले चित्र दिले, त्यातले शब्दही बरे असतील, असा आपला माझा अंदाज. आणि लेख सुटे हवेत. कादंबरीला माझा विरोध नाही, पण चहावाला आला, तिकीट तपासनीस आला, समोरच्या बाळाने चष्मा ओढला, की कादंबरीत कोण कुणाचा काका ते विसरायला होते. विनोदी लेख धरणगावला सुरू करून अमळनेरला संपवता येतो. नरडाण्याला गाडी उगाचच थांबून राहिली तर आणखी एक.

स्टेशनवर हलकेफुलके वाचायला विकत घेण्याची ही सवय आपली आजकालची नव्हे. स्टेशनांवर पुस्तकांचे स्टॉल चालवणाऱ्या ए. एच. व्हीलर कंपनीची सुरुवात अलाहाबादला १८७७ साली झाली. रुडयार्ड किपलिंग पुढे अलाहाबादच्याच एका वर्तमानपत्रात आला. १८८८ साली त्याच्या गोष्टींची छोटी छोटी पुस्तके व्हीलरने ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ या मालेत काढली, एकेक रुपयाला. म्हणजे नोबेल मिळवणारा लेखक आधी आगगाडीतल्या उतारूंच्या मांडीवर जाऊन बसला. मला ही गोष्ट फार आवडते. पुस्तक मोठे होण्याआधी त्याने थोडा प्रवास केलेला असावा.

आपल्याकडे विनोदी लेखनाचा पाया त्यानंतरच्या वीसेक वर्षांत घातला गेला, आणि तोही शेजारच्या वऱ्हाडात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर तिकडे वकिली करत होते. त्यांचे ‘सुदाम्याचे पोहे’ १९१० साली पुस्तकरूपाने आले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्यातली तिघे. आता कोल्हटकर घाईत वाचायचा लेखक नाही. त्यांचे वाक्य कर्म, क्रियापद, कोटी आणि पोटकोटी घेऊन निवांत निघते आणि आपण मधेच उतरलो तर पुढचे हुकते. त्यांना गाडीही तशीच हवी. पाचोरा–जामनेर नॅरोगेज, आमची पीजे, चालू होती तेव्हा मी त्यांना त्या गाडीत वाचलेले आहे. छप्पन्न किलोमीटरचा तो मार्ग. कपाशीच्या शेतात वेचणी करणाऱ्या बाया ओळखू येतील अशा बेताने गाडी जायची. खिडकीतून वाऱ्याने पान उलटण्याची भीती नव्हती. ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली. नवी गाडी वेगात धावेल, त्याचा आनंदच आहे, पण कोल्हटकरांची सोय गेली ती गेलीच.

चिं. वि. जोशींचे तसे नाही. बडोद्याला पाली शिकवणारा हा प्राध्यापक. चिमणराव आणि गुंड्याभाऊ कुठल्याही गाडीत, कुठल्याही डब्यात, उभ्यानेसुद्धा वाचता येतात. त्रिपिटकात रमणाऱ्या माणसाला मध्यमवर्गीय माणसाची फजिती इतकी बारकाईने कशी दिसली, याचे मला नेहमी नवल वाटते. की त्यामुळेच दिसली? बसने जायचे असेल तर पु. ल. देशपांड्यांची ‘म्हैस’ बरोबर ठेवावी. म्हशीमुळे रस्त्यात खोळंबलेल्या एसटीतल्या उतारूंची ती गोष्ट. चोपडा–शिरपूर रस्त्यावर मी ती वाचली. चार पाने झाली की मान वर करून बघायची. पुढारी तिसऱ्या सीटवर, मास्तर दाराशी, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत असलेला गृहस्थ थेट आपल्या मागे. पात्रे तपासून घ्यायला इतकी चांगली जागा दुसरी नाही. अनेर नदीच्या पुलाआधी खऱ्याच म्हशी आडव्या आल्या तेव्हा एकटी मीच खूश होते.

दिवाळी अंकांचा विषय थोडा नाजूक आहे. ‘आवाज’ मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केला. त्यातली खिडकीचित्रे प्रसिद्धच आहेत. वरचे चित्र चावट, कागदाची खिडकी उघडली की आतले अगदी सोज्वळ निघते. घरी ठीक. पण गाडीत समोर आजोबा बसलेले असताना बाईमाणसाने वरचे चित्र उघडे ठेवून बसायचे, आणि आत काही तसले नाही हो, हे त्यांना पटवून द्यायला खिडकी उघडून दाखवायची, हा प्रसंग अंकातल्या कुठल्याही विनोदापेक्षा अवघड आहे. दिवाळीत भाऊबिजेच्या गर्दीत मी अंक घेते, पण उधन्याला पोचल्यावर उघडते.

बाईमाणसाचा विषय निघालाच आहे तर बोलते. गाडीत एकट्या बसलेल्या बाईने पुस्तक वाचून हसणे लोकांना अजून नीट पचत नाही. मोबाइलकडे बघून हसले तर कुणी वळूनही बघत नाही. कुणाचा तरी मेसेज असेल, रील असेल. पुस्तकाकडे बघून हसले की आधी आपल्याकडे बघतात, मग पुस्तकाकडे, मग शेजारी आपल्या घरचे कुणी आहे का त्याकडे. म्हणून मी सुरुवातीला दाबून धरते. पदर तोंडाशी, नजर खिडकीबाहेर, एरंडाच्या झाडात काहीतरी फार गमतीचे दिसल्यासारखी. दाबलेले हसू नाकातून बाहेर पडते आणि ते अधिकच वाईट दिसते. यावर उपाय एकच, महिलांचा डबा.

महिलांच्या डब्यात विनोदी पुस्तक एकटीने वाचता येतच नाही. ‘मोठ्याने वाच गं,’ अशी ऑर्डर येते. आणि मोठ्याने वाचले की लेखकाची खरी परीक्षा होते. एकदा एका जुन्या, नावाजलेल्या लेखात बायकोच्या स्वयंपाकावर आणि माहेरच्या माणसांवर पानभर विनोद होते. मी वाचत गेले, डबा ऐकत गेला. कुणी हसेना. पान संपल्यावर कोपऱ्यात मेथी निवडत बसलेली बाई मान वर न करता म्हणाली, ‘याला घरी कोनी दोन घास सुखानं वाढत नसतीन.’ त्यावर जो हशा झाला, तो त्या लेखकाला आयुष्यात मिळाला नसेल. तेव्हापासून विनोदी पुस्तकातला कुठला विनोद जिवंत आणि कुठला केव्हाच गेला, हे ठरवायला मला समीक्षक लागत नाहीत. माणसाच्या जाडीवर, बोबडेपणावर, जातीवर बेतलेले विनोद तर डबा ऐकूनही घेत नाही, सरळ ‘पुढचं वाच’ म्हणतो.

भुसावळहून निघाले तरी जळगाव येईपर्यंत मी पुस्तक उघडत नाही. मधे भादली लागते. धरणगावच्या बालकवींचा, त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांचा, ५ मे १९१८ रोजी तिथे गाडीखाली मृत्यू झाला. तिशीही गाठली नव्हती. जळगाव सुटून गिरणेचा पूल गेला, पाळधी गेले, की थोड्या वेळात त्यांचे धरणगावही याच लाइनीवर येते. त्या गावी ते जन्मले. एवढ्या टापूत माझ्याच्याने हसवणारे काही वाचवत नाही. कुणी ठरवून दिलेले नाही, माझे आपले आहे. धरणगावनंतर पहिला लेख.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाहेर तापी खोऱ्याचे ते नेहमीचे ऊन, खिडकीचा गज हाताला चटका देत होता. जनरल डब्यात समोर एक टोपीवाले बाबा आणि त्यांच्या शेजारी विशीतली एक मुलगी, मांडीवर पोलीस भरतीचे गाइड. अमळनेर सुटले आणि माझा लेख रंगात आला. एका ठिकाणी मला आवरले नाही.

‘काय व्हयनं ताई? कसाले हासी राहिनी?’ बाबांनी विचारले.

मी सांगायचा प्रयत्न केला. विनोद सांगितला की मरतो, म्हणून मग तो परिच्छेदच वाचून दाखवला. नवरा चुकीच्या घरी पाहुणा म्हणून जाऊन दोन दिवस राहतो, असा काहीसा मजकूर होता. बाबांनी तो कोर्टात साक्ष ऐकावी तसा ऐकला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. थोडा विचार करून म्हणाले, ‘हाई खरं व्हयेल शे.’

‘नाही हो बाबा, लेखकाने रचलेलं आहे.’

‘रचेल कसं? मना शालानं असंच व्हयनं.’

मग त्यांनी मेहुण्याची हकीकत सांगितली. दोंडाईच्याकडच्या एका गावात एकाच दिवशी दोन लग्ने, मांडवाला मांडव लागून. मेहुणा उन्हातून आला तो पहिल्या मांडवात शिरला, हात जोडले, आहेराचे पाकीट दिले, पंगतीला बसला. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तुपाची वाटी. हात धुताना नवरदेवाकडे लक्ष गेले, तर हा आपला नव्हेच. शेजारच्या मांडवात जाऊन पुन्हा आहेर करायचा तर खिशात पैसे नाहीत. मेहुणा परत पहिल्या मांडवात गेला आणि पाकीट मागू लागला. मुलीचा बाप भला माणूस. म्हणाला, पाकीट देतो, काही अडचण नाही, पण किती बट्ट्या खाल्ल्या ते सांगा, तेवढे वजा करू. मेहुणा म्हणाला, चार. वाढपी मागून ओरडला, सात!

हे सगळे बाबांनी एकदाही न हसता सांगितले. मी आणि ती मुलगी एकमेकींना धरून हसत होतो, आणि त्यांना आमचे काय चालले आहे ते खरेच कळत नव्हते. मेहुण्याचे पैसे गेले होते ना! दोंडाईचाला उतरताना त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बोट दाखवले आणि म्हणाले, त्या लेखकाला विचारा, त्याने पाकीट दिले होते का. खानदेशात विनोद असाच सांगतात, तक्रार नोंदवल्यासारखा. तो छापायला गेले की अर्धा मरतो. स्टॉलवर कधी अशा मेहुण्यांचे पुस्तक मिळाले तर मी किंमत बघणार नाही.

बाबा गेल्यावर मुलीने विचारले, ‘थोडं बघू का?’ मी पुस्तक दिले आणि बदल्यात तिचे गाइड घेतले. नुसते बसायचे कशाला. आणि सांगते, ते गाइडही काही कमी नव्हते. एका माणसाने टाकी भरायला नळ सोडलेला, दुसऱ्याने तीच टाकी रिकामी करायला खालचा नळ उघडा ठेवलेला, आणि पोलीस होऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराने दोघांनाही न पकडता टाकी किती तासांत भरेल ते सांगायचे. बऱ्याच प्रश्नांना चौथा पर्याय ‘वरीलपैकी एकही नाही’. मी पेन्सिल नसताना मनातल्या मनात बरीच उत्तरे दिली. नंदुरबार आले, गर्दी उतरली, गर्दी चढली. मुलगी खिडकीशी खांदे हलवत वाचत होती.

नवापूरला गाडी थांबली. हे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. एकाच बाकाचे एक टोक आपल्या राज्यात, दुसरे त्यांच्या. घोषणा मराठीत होते, गुजरातीत होते, हिंदीत आणि इंग्रजीतही होते. चार भाषांत नवापूर ऐकल्यावर मुलीने पहिल्यांदा मान वर केली.

‘मावशी, नंदुरबार कधी येणार?’

मी तिच्याकडे बघितले, तिने माझ्याकडे. सांगावे लागले नाही. तिने पिशवी उचलली, गाइड माझ्या हातातून घेतले आणि उतरली. खिडकीपाशी येऊन म्हणाली, परतीच्या गाडीला वेळ आहे, इथे बाकावर बसते. मग जरा घुटमळून, ‘शेवटचे दोनच लेख राहिलेत हो.’

पुस्तक अजून तिच्याच हातात होते. तेवढ्यात गाडी हलली. बहिणीकडे पोचल्यावर प्रवासखर्चात मी ते तरीही लिहिले, वेफर्सच्या खाली.